म्युनिकला घेतलेली गाडी न्यू जर्सीला आणताना

सप्टेंबर २०१८ मधला हा प्रवास. म्युनिकच्या बीएमडब्ल्यू वेल्टमध्ये, म्हणजे कंपनीच्या गाडी देण्याच्या केंद्रात, नवी ३३० आय एक्सड्राइव्ह ताब्यात घ्यायची, बव्हेरिया, ऑस्ट्रिया, इटलीतला दक्षिण टिरोल आणि स्वित्झर्लंडचा एक कोपरा हिंडायचा, गाडी पुन्हा म्युनिकलाच जहाजासाठी सोपवायची आणि दोन महिन्यांनी न्यू जर्सीत परत घ्यायची, असा बेत होता. अमेरिकन ग्राहकांसाठीची बीएमडब्ल्यूची ही योजना २०२० मध्ये बंद झाली. तरी सगळा तपशील इथे दिला आहे, कारण तात्पुरती नंबर प्लेट, विमा, नव्या इंजिनाची पथ्यं आणि जहाजाआधीची तपासणी यांचं गणित कंपनी बदलली तरी बदलत नाही.

अशा प्रवासात सगळ्यांचं लक्ष गाडी हातात येण्याच्या क्षणाकडे असतं. तो क्षण सुंदर असतोच, पण त्यात चुकण्यासारखं काही नसतं. चुकतं ते पहिल्या पाचशे किलोमीटरांत आणि गाडी सोपवण्याच्या दिवशी.

निघण्यापूर्वी

गाडी अमेरिकेतल्या विक्रेत्याकडेच बुक करावी लागते, तारखेच्या तीन-चार महिने आधी. तिची बांधणी अमेरिकन नियमांप्रमाणेच असते. दाराच्या चौकटीवर अमेरिकन सुरक्षा मानकांचं लेबल आणि बॉनेटखाली प्रदूषण मानकांचं लेबल असतं, आणि त्यांच्यामुळेच ती अमेरिकेच्या बंदरात विनासायास उतरते. जर्मनीत दिसलेली युरोपीय बांधणीची नवी गाडी स्वतःहून उचलून न्यायचा विचार मनातही आणू नये. त्या मानकांत न बसणारी गाडी पंचवीस वर्षांची झाल्याशिवाय सहजी आत येत नाही. एक्स ३ आणि एक्स ५ या योजनेत नव्हत्या, कारण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या त्या गाड्या मुळात युरोपात बनत नव्हत्या.

सूट मूळ किमतीवर सुमारे पाच टक्के होती. जहाजाचं भाडं, समुद्रातला विमा आणि अमेरिकेचं अडीच टक्के आयात शुल्क किमतीतच धरलेलं. पैसे मात्र ताबा घेण्याआधी पूर्ण चुकते व्हावे लागत. कर्ज असेल तर पहिला हप्ता गाडी समुद्रात असतानाच सुरू होतो. म्हणून जुनी गाडी निघण्यापूर्वी विकू नका. दोन महिने घरी गाडी नसते, आणि भाड्याच्या गाडीत वाचलेले पैसे निघून जातात.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढायला वीस डॉलर आणि दोन फोटो लागले. तो फक्त भाषांतर असतो, मूळ परवाना सोबत हवाच.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास येतो: अशीच गाडी भारतात नेता येईल का? ही नाही येणार. भारतात आयात होणाऱ्या नव्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. त्यावर सीमाशुल्क इतकं की महागड्या गाडीची किंमत दुपटीच्या पुढे जाते.

सोमवार, ३ सप्टेंबर: म्युनिक

विमान सकाळी उतरतं आणि गाडी त्याच दुपारी घ्यायचा मोह होतो. तो टाळावा. रात्रभर न झोपता अनोळखी शहरात अनोळखी गाडी चालवणं धोक्याचं आहे. सोमवार फक्त झोप, पायपीट आणि जेवण यांसाठी ठेवला होता. व्हिक्टुआलियनमार्क्टच्या बाजारात दुपारी ऊन होतं, चेस्टनटच्या झाडांखाली लांब बाकांवर लोक दाटीवाटीने बसले होते. शाकाहारी माणसाने इथे केझश्पेट्झल मागवावं: शेवेपेक्षा जाड, आखूड पिठाचे तुकडे, वितळलेलं चीज आणि वर कुरकुरीत तळलेला कांदा. पिठात अंडं असतं, हे लक्षात असू द्यावं.

तारीख ठरवताना ऑक्टोबरफेस्ट पाहून घ्या. त्या वर्षी तो २२ सप्टेंबरला सुरू होणार होता. त्या दिवसांत हॉटेलचे दर कितीतरी पट चढतात.

मंगळवार, ४ सप्टेंबर: गाडी हातात

यू-३ मेट्रोने ऑलिंपियात्सेंट्रुम स्टेशनवर उतरलं की समोरच वेल्टची वळसेदार काचेची इमारत आहे. ती २००७ मध्ये उघडली. रस्त्यापलीकडे चार नळकांड्यांच्या आकाराचं कंपनीचं मुख्यालय आणि त्याच्या पायथ्याशी वाडग्यासारखं संग्रहालय. खाली काउंटरवर पासपोर्ट आणि परवाना दाखवला की वरच्या लाउंजमध्ये बसवतात. खाणंपिणं मोफत असतं. कारखान्याची फेरी वेगळी आधी बुक करावी लागते आणि ती फक्त कामाच्या दिवशी असते. पत्र्याच्या प्रेसपासून अखेरच्या जोडणीपर्यंत अडीच तास चालणं होतं. गाडी घेण्याआधी ती फेरी केली तर गाडीकडे बघायची नजरच बदलते.

ठरल्या वेळी गाडी देणाऱ्या बाई आल्या. रुंद जिन्यावरून खाली उतरताना फिरत्या चकतीवर, दिव्यांच्या झोतात गाडी दिसते. बाई या कामात बारा वर्षं मुरलेल्या. त्यांनी बसवल्याबरोबर पहिलं काम सांगितलं ते आरसे आणि आसन लावण्याचं, पडद्यावरच्या गमतीजमती त्यानंतर. त्या म्हणाल्या, "फोन जोडायला पाच मिनिटं लागतात, रस्त्यावर कधीही होतं. आरसा मात्र बाहेर पडण्यापूर्वीच लावा."

पाऊण तासात सगळं समजावून देतात. तेवढ्यात ही तपासणी स्वतः उरकावी: चारही बाजूंनी रंग, चारही रिम, काचेवर टिपका, दारांच्या कडा, दोन्ही चाव्या. दिव्यांच्या झोतात रंगाचे दोष दिसत नाहीत, म्हणून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. मग प्रत्येक कोपऱ्याचे आणि प्रत्येक रिमचे फोटो काढा. हे फोटो आठवडाभराने कामाला येतात.

हातात येतो तो कागदांचा संच असा: आंतरराष्ट्रीय नोंदणीपत्र, विम्याचं हिरवं कार्ड आणि निर्यातीच्या नंबर प्लेटची जोडी. प्लेटच्या उजव्या कडेला लाल पट्टी असते आणि तिच्यावर मुदत संपण्याचा दिवस, महिना, वर्ष एकाखाली एक छापलेलं असतं. नोंदणी आणि विमा चौदा दिवसांचा होता, जास्त दिवस हवे असतील तर आधी पैसे भरून वाढवावे लागत. हिरव्या कार्डावर देशांची अक्षरं असतात. ज्या देशाच्या अक्षरांवर काट मारलेली असते तिथे विमा लागू नसतो. पूर्वेकडे जायचा बेत असेल तर हे कार्ड तिथेच उभं राहून वाचा. काचेवर हिरवा पर्यावरण स्टिकर लावलेला हवा, म्युनिकच्या आतल्या भागात त्याशिवाय गाडी नेता येत नाही. डिकीत त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकदार जाकिटं आहेत का, तेही पाहून घ्यावं.

पूजेबद्दल दोन शब्द. नव्या गाडीला हळदकुंकू लावल्याशिवाय मन मानत नाही, हे खरं. वेल्टच्या आत नारळाचा विचार नको. बाहेरच्या पार्किंगमध्ये फूल ठेवून नमस्कार करता येतो. ओलं कुंकू बॉनेटवर मात्र लावू नका, नव्या रंगावर त्याची छटा राहते. नंबर प्लेटच्या खालच्या काळ्या प्लॅस्टिकवर कोरडी चिमूट पुरते. साग्रसंगीत पूजा गाडी घरी आल्यावर.

बुधवार, ५ सप्टेंबर: आउग्सबुर्ग, व्हीस, फ्युसेन (१९० किमी)

नव्या इंजिनाचा नियम: पहिले १२०० मैल, म्हणजे २००० किलोमीटर, ४५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) वर जायचं नाही आणि वेग ताशी १६० किलोमीटरच्या आत ठेवायचा. टायरना नीट पकड यायला तीनशे किलोमीटर लागतात आणि ब्रेकचे पॅड व डिस्क एकमेकांवर बसायला पाचशे. बहुतेक जण म्युनिकहून थेट ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर घाट गाठतात, आणि दोनशे किलोमीटरवर नवे ब्रेक पंधराशे मीटरच्या उताराला लावतात. पॅड अजून पूर्ण टेकत नसतात, ठरावीक ठिकाणीच तापतात आणि मग स्टिअरिंग थरथरायला लागतं. म्हणून पहिले दोन दिवस मुद्दाम सपाटीला ठेवले.

ए-८ महामार्गावरून आउग्सबुर्ग ६५ किलोमीटर. या रस्त्यावर वेगमर्यादा नसलेले पट्टे आहेत, १३० ही फक्त शिफारस. नव्या इंजिनाला एकच वेग धरून ठेवणं चांगलं नाही, ८० ते १३० मध्ये वरखाली करत राहावं. उजव्या लेनमध्ये चालायचं, ओलांडायला डावीकडे जायचं आणि लगेच परत यायचं. उजवीकडून ओलांडणं हा गुन्हा आहे. वाहतूक तुंबली की डावी लेन डाव्या कडेला आणि बाकीच्या उजव्या कडेला सरकून मधे रुग्णवाहिकेला वाट करून देतात. हे भोंगा ऐकण्याआधीच, गाड्या थांबताक्षणी करायचं असतं.

आउग्सबुर्गला फुगेराय ही वसाहत पाहिली. याकोब फुगर या सावकाराने पाचशे वर्षांपूर्वी गरिबांसाठी बांधलेली ही घरं आजही भाड्याने देतात. भाडं वर्षाला ८८ सेंट आणि रोज तीन प्रार्थना. पिवळ्या भिंतींवर वेल चढलेली, प्रत्येक दाराच्या घंटेची मूठ वेगळ्या आकाराची. दारात जिरेनियमला पाणी घालणाऱ्या आजींनी घंटेवर हात ठेवायला लावला. पूर्वी इथे रात्री दिवे नसत, माणूस हाताने चाचपून आपलं घर ओळखे.

तिथून बी-१७ ने दक्षिणेला. व्हीस गावाच्या चर्चला दुपारी पाऊस सुरू झाला आणि फ्युसेनला पोहोचेपर्यंत थांबला नाही. ओल्या रस्त्यावर नवे टायर निसरडे असतात, त्यांच्यावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर अजून असतो. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा.

अमेरिकन गाडीच्या डायलवर मैल ठळक असतात. तीन आकडे पाठ करून ठेवले की पुरतं: ५० म्हणजे ३१ मैल, १०० म्हणजे ६२, १३० म्हणजे ८१. जर्मनीत गावात ५०, गावाबाहेर १००. गावाच्या नावाची पिवळी पाटी म्हणजेच ५० ची पाटी, वेगळा आकडा लावत नाहीत. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. अमेरिकन सवयीने लाल दिव्यावर उजवीकडे वळू नका. रेडिओत अर्धी स्टेशनं लागली नाहीत, तर गाडी बिघडलेली नाही. अमेरिकन रेडिओ फक्त विषम दशांशांवर थांबतो, युरोपातली कित्येक स्टेशनं समवर असतात.

गुरुवार, ६ सप्टेंबर: फ्युसेन ते त्सेल आम झे (३२० किमी)

गार्मिश, बाट ट्योल्त्स, टेगर्नझे अशी सरोवरांची आणि कुरणांची वाट. मध्ये जागोजागी हलके, मध्यम आणि क्वचित जोराचे ब्रेक लावत गेलं की पॅड नीट बसतात. ब्रेक मारून गाडी पूर्ण थांबवून पाय दाबून धरू नका, तापलेली डिस्क एका जागी दबते. मागे कोणी नाही असं बघून ९० वरून ४० पर्यंत यायचं, मग किलोमीटरभर थंड होऊ द्यायचं.

ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक दिवसांचा टोलचा परवाना, लागतं, दहा दिवसांचं त्या वर्षी ९ युरोंना होतं. ऑनलाइन घ्यायला सोपं वाटतं, पण ग्राहकाने ऑनलाइन घेतलेलं विन्येट अठराव्या दिवसापासून लागू होई, आणि आपला नंबर तर ताब्याच्या दिवशीच कळतो. म्हणून सीमेजवळच्या पंपावर कागदी स्टिकर घ्यावा लागे. तो काचेच्या वरच्या गडद पट्ट्यावर चिकटवला तर ग्राह्य धरत नसत. नुसता डॅशबोर्डवर ठेवला तर त्या वर्षी १२० युरो दंड होता. ए-८ वरून बाट राइखेनहालला उतरून लोफरमार्गे गेलं तर त्सेलपर्यंत विन्येट लागतच नाही, तरीही परतीच्या वाटेवरचे फाटे लक्षात घेऊन ते घेतलेलं बरं.

पेट्रोल ऑस्ट्रियात भरा, जर्मनीपेक्षा स्वस्त आणि इटलीपेक्षा तर फारच. अमेरिकेत झाकणावर ९१ लिहिलेलं बघून इथे ९१ शोधणारे गोंधळतात. मोजायची पद्धत वेगळी आहे, इथलं ९५ म्हणजे साधारण तेच. हवा 'बार'मध्ये मोजतात: ३६ पीएसआय म्हणजे अडीच बार.

संध्याकाळी त्सेलच्या सरोवरावर ढग इतके खाली आले होते की पलीकडचा काठ दिसत नव्हता. गास्टहाउसच्या मालकीणबाईंनी हवामानाचा कॅमेरा उघडून दाखवला. घाटाच्या वेगवेगळ्या उंचीवर असे कॅमेरे बसवलेले आहेत. "खाली धुकं म्हणजे वर ऊन," त्या म्हणाल्या, "पण साडेसातला निघा. दहानंतर बसगाड्या सुरू होतात."

शुक्रवार, ७ सप्टेंबर: ग्रोसग्लॉकनर (१९० किमी)

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. टोलनाक्यावर वायपर चालू होते, अठराशे मीटरवर धुकं विरळ झालं आणि पुढच्या वळणाला गाडी एकदम ढगाच्या वर आली. मागे आरशात पांढरा समुद्र, समोर बर्फाची शिखरं, आणि रस्ता रात्रीच्या पावसाने ओला, उन्हात वाफाळणारा. अशा वेळी गाडी बाजूला लावून दार उघडावं आणि इंजिन बंद करावं. खालून गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या, गाई दिसत नव्हत्या.

हा रस्ता ४८ किलोमीटरचा, ३६ मोठी वळणं, १९३५ मध्ये खुला झालेला. अभियंता फ्रान्त्स वालाक. रस्त्याचा माथा होखटोर, २५०४ मीटर. टोल त्या वर्षी ३६ युरोंच्या आसपास होता आणि त्यात फ्रान्त्स-योझेफ्स-ह्योहेचा फाटाही येतो. तिथून पास्टेर्झ ही ऑस्ट्रियातली सर्वांत लांब हिमनदी दिसते. ती किती मागे हटली आहे, ते कड्यावरच्या फिकट रेषेवरून कळतं. कठड्याखालच्या गवतात मार्मोट, खारीच्या जातीचे जाडजूड प्राणी, शेपूट आपटत उभे होते.

चढताना गिअर स्वतः निवडावा. ऑटोमॅटिक 'डी'मध्ये राहिलं तर वळणातून बाहेर पडताना पेट्रोलवर पाय दाबताच ते दोन गिअर खाली येतं आणि आरपीएम ४५०० च्या पार जातं. लीव्हर डावीकडे ढकलून दुसरा-तिसरा धरून ठेवला की काटा ३००० ते ४००० मध्ये राहतो. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक सरळ पट्ट्यात, वळणाच्या आधी मारून सोडायचा, घासत राहायचं नाही. खाली हायलिगेनब्लूटच्या वाहनतळावर ब्रेकचा वास घेऊन हळहळणारी एक दोन कुटुंबं रोज दिसतात, असं तिथला माणूस म्हणाला. वास आलाच तर थांबा, पण हँडब्रेक लावू नका. 'पी'मध्ये ठेवून चाकाला दगडाची उटी द्या आणि वीस मिनिटं जाऊ द्या.

हायलिगेनब्लूटला काइझरश्मार्न खाल्लं. जाड, गोड घावनाचे फाडलेले तुकडे, वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखाराची चटणी. एका प्लेटमध्ये दोघांचं पोट भरतं. मग लीन्त्स, टोब्लाख आणि कोर्तिना.

शनिवार, ८ सप्टेंबर: डोलोमाइट्स (११० किमी)

किलोमीटर थोडे, तास सात. फाल्झारेगो (२१०५ मीटर), पोर्दोई (२२३९ मीटर), कारेर हे इटलीतले घाट आणि मग बोल्झानो. पोर्दोईच्या वळणांवर सायकलस्वारांचे थवे होते. त्यांना ओलांडताना दीड मीटर सोडायचं. आणि वळणाच्या आत कधीच ओलांडायचं नाही, कारण उभ्या चढावर सायकल हेलकावते. मोटारसायकलवाले मागून आले की उजवा इंडिकेटर देऊन थोडं बाजूला व्हावं, ते पाय हलवून आभार मानतात.

इटलीत दोन गोष्टी महागात पडतात. पहिली म्हणजे गावाच्या जुन्या भागातलं झेडटीएल, बाहेरच्या गाड्यांना बंद असलेला भाग: लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा. आत शिरलं की फोटो निघतो आणि दंड पुढे कित्येक महिन्यांनी घरी येतो. हॉटेल आत असेल तर नंबर आधी कळवून परवानगी नोंदवून घ्यावी. दुसरी म्हणजे टोलनाक्यावरची पिवळी टेलिपास लेन, गाडीतल्या यंत्रातून आपोआप टोल भरणाऱ्यांसाठीची. त्या लेनमध्ये जायचंच नाही, तिकिटाचं चित्र असलेल्या पांढऱ्या पाटीखाली जायचं.

पार्किंगला निळी चकती लागते, पंपावर दोन-तीन युरोंना मिळते. तिच्यावर पोहोचल्याची वेळ लावायची. जर्मनीत ती पुढच्या अर्ध्या तासाला लावायची पद्धत आहे: दहा वाजून पाच मिनिटांनी आलात तर साडेदहा.

बोल्झानोच्या हॉटेलचं तळघर जुनं, उतार अरुंद, वळणावर दगडी कठडा. मागच्या उजव्या रिमला तिथे दोन इंचांचा ओरखडा गेला. चारचाकीचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून वळतं, आणि कठडा आरशात दिसत नाही. अशा तळघरात जोडीदाराने उतरून चालत पुढे जावं, किंवा गाडी बाहेरच्या पैशाच्या वाहनतळावर ठेवावी. जेवणात श्लुट्झक्रापफेन, पालक आणि मऊ चीज भरलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या, उकडून लोण्यात घोळलेल्या. पालकाचे क्न्योडेल (पावाचे उकडलेले गोळे) मागवताना 'श्पेक' नको असं स्पष्ट सांगा, नाहीतर आत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघतात.

रविवार, ९ सप्टेंबर: स्टेल्व्हियो (१८५ किमी)

मेरानोपासून व्हिन्शगाउचं खोरं म्हणजे मैलोन् मैल सफरचंदं. ठेंगणी झाडं, तारांवर चढवलेली, रस्त्याला टेकलेली. प्राड गावापासून स्टेल्व्हियो घाटाची ४८ वळणं सुरू होतात. त्यांना उलटे आकडे आहेत. खाली ४८ आणि माथ्याजवळ १, म्हणजे किती उरली ते कळत जातं. माथा २७५७ मीटर, रस्ता १८२० ते १८२५ मध्ये कार्लो दोनेगानीने बांधलेला.

वळणाला येण्यापूर्वी मान वर करून वरचा रस्ता बघा. बस उतरताना दिसली तर वळणाच्या खालीच थांबा. तिला अख्खं वळण लागतं. चढणाऱ्याचा हक्क पहिला, पण बसचा त्याहून आधी. दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला एक दिवस हा घाट फक्त सायकलींसाठी राखतात. आपली तारीख तीच नाही ना, एवढं तपासून ठेवा.

आलो त्याच वळणांनी परत उतरू नका. माथ्यापासून थोडं खाली बोर्मिओच्या बाजूला ऊम्ब्राइल घाटाचा फाटा आहे, तो स्वित्झर्लंडच्या सांता मारियाला उतरतो. या वाटेवर स्विस महामार्ग नाही, म्हणून चाळीस फ्रँकचं स्विस विन्येट लागत नाही. पुढे ग्लुर्न्स, आणि रेशेनचं सरोवर. १९५० मध्ये धरणाच्या पाण्यात ग्राउन गाव बुडालं, चर्चचा चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा पाण्यातून वर उभा आहे. संध्याकाळी वारा पडला होता, पाण्यात मनोऱ्याचं उलटं प्रतिबिंब स्थिर होतं. कोयनेच्या आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेली गावं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांचा पाय इथून लवकर निघत नाही.

मुक्काम सीमेपलीकडे नाउडर्सला.

सोमवार, १० सप्टेंबर: म्युनिककडे

सकाळी तापमान तीन अंश आणि डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा. पंक्चर नव्हतं. साडेपाच अंश पारा उतरला की हवा सुमारे एक पीएसआय कमी होते. पंपावर थंड टायरमध्ये हवा भरून पडद्यावरून रीसेट करायचं. रनफ्लॅट टायर असल्याने स्टेपनी नसते. खरंच हवा गेली तरी ताशी ८० च्या आत राहून ऐंशीएक किलोमीटर जाता येतं. तेवढ्यात मोठं गाव गाठता येईल, याचं भान घाटात ठेवावं.

फेर्नपास, गार्मिश, ए-९५. हा दिवस सोमवार येईल असं मुद्दाम बसवलं होतं, कारण तेव्हा बव्हेरियात रविवारी गाडी धुण्याची केंद्रं बंद असत आणि रस्त्यावर बादली घेऊन धुणं चालत नाही. स्वतः धुण्याच्या केंद्रावर एक-एक युरोची आठ-दहा नाणी लागली. पाण्याचा दाबाचा पाइप आधी चाकांच्या कमानीत आतून मारायचा, मग बंपरखाली, मग चिखल अडवणाऱ्या पट्ट्यांच्या मागे. अमेरिकेच्या बंदरात रंगाची चमक कोणी बघत नाही, माती बघतात. परक्या मातीतून येणारे किडे आणि बिया हा त्यांचा खरा प्रश्न असतो. कमानीत वाळलेला घाटाचा चिखल सापडला तर गाडी बाजूला काढून पुन्हा धुवायला पाठवतात, आणि आठवडा जातो.

आतही तसंच. पायपुसण्या झटका, आसनाखाली हात घाला. व्हिन्शगाउचं एक सफरचंद मागच्या दाराच्या कप्प्यात राहिलं होतं. ते फळ गाडीसोबत गेलं असतं तर गाडी बंदरातच अडकली असती.

मंगळवार, ११ सप्टेंबर: सोपवणी

गाडी सोपवायची ती गार्शिंगला, म्युनिकच्या उत्तरेला. सोपवण्याचं ठिकाण फक्त कामाच्या दिवशी, ठरावीक वेळेत उघडं असे. टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल ठेवून जायचं. सामान काही ठेवायचं नाही, त्रिकोण आणि पेटी यांसारखं गाडीसोबत आलेलं तेवढं चालतं. कपड्यांची पिशवी 'जहाजातून येईल' म्हणून डिकीत ठेवली तर ती बाहेर काढायला लावतात.

तपासणारे गृहस्थ साठीचे, निळा डगला, हातात टॉर्च. एका कागदावर गाडीचं वरून, मागून, दोन्ही बाजूंनी रेखाचित्र. ते गाडीभोवती दोनदा फिरले. एकदा उभ्याने, एकदा गुडघ्यावर. मागच्या उजव्या चाकाशी बोटाने ओरखडा मोजला आणि चित्रावर त्याच जागी बारीक रेघ मारून खूण लिहिली. मग कागद पुढे केला.

या कागदावर सही घाईत करू नका. त्यावर जे लिहिलं आहे ते सहीपूर्वीचं, म्हणजे रस्त्यावरच्या विम्याचं किंवा आपल्या खिशातलं. त्यावर जे नाही आणि नंतर दिसेल ते जहाजाच्या वाहतुकीतलं. म्हणून आपला ओरखडा लपवू नका आणि त्यांनी नसलेली खूण केली तर गप्प बसू नका. आधीच्या मंगळवारी वेल्टमध्ये काढलेले फोटो इथे उघडले. पुढच्या बंपरवर त्यांनी केलेली एक खूण चिकटलेला किडा निघाला, ओल्या फडक्याने गेली आणि कागदावरून खोडली. त्यांनी स्वतःच फडकं आणलं. सगळे कागद, त्या फॉर्मची प्रत आणि चावी दिल्याची पावती घेऊन, ओडोमीटरचा फोटो काढून निघायचं. यू-६ मेट्रो तिथून थेट शहराच्या मध्यात येते.

१३ तारखेला गणपती होते, म्हणून १२ चं विमान.

घरी

गाडी ट्रकने ब्रेमरहाफेनला जाते आणि तिथून गाड्यांच्या जहाजात चढते. या जहाजांत गाड्या कंटेनरमध्ये नसतात, चालवत आत नेऊन पट्ट्यांनी बांधतात. पूर्व किनाऱ्याला एकूण सहा ते आठ आठवडे धरावेत, पश्चिम किनाऱ्याला पनामा कालव्यातून जावं लागत असल्याने त्याहून जास्त. गाडी बंदरात लागली म्हणजे मिळाली असं नाही. सीमाशुल्क, मातीची तपासणी, कंपनीच्या केंद्रावरची धुलाई आणि दुरुस्ती, मग विक्रेत्याकडचा ट्रक, यात आणखी दहा-बारा दिवस जातात.

आपली गाडी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. पुन्हा ताबा घेताना गार्शिंगचा फॉर्म हातात ठेवून तीच फेरी उभ्याने आणि गुडघ्यावर मारा. छत विसरू नका. सही नंतर. काचेवरचं ऑस्ट्रियाचं विन्येट तसंच होतं. ते हेअर ड्रायरने गरम करून प्लॅस्टिकच्या कार्डाने कोपऱ्यातून उचललं तर एका तुकड्यात निघतं, ब्लेड लावू नका.

मग नारळ, पेढे आणि नंबर प्लेटच्या जवळ कुंकवाची चिमूट. ओडोमीटर ७८१ मैल दाखवत होता. अजून ४१९ मैल ४५०० च्या आत.